वाचकपत्र

बेलवलीच्या वाचनालयात पेपर उघडल्या उघडल्या देवदत्तने अणुकरारावरचा लेख ब्लेडने कापला आणि फाइलमध्ये सरकवला. यूपीएससीला तो विषय येणारच होता. कात्रणाच्या मागे काय छापलंय, हे त्याने पाहिलंही नाही.

थोड्या वेळाने रामभाऊ आले. कंपनीतून रिटायर झाल्यापासून रोज एकटे यायचे, आज बायकोला घेऊन आले होते. आपलं पत्र छापून आलंय, असं त्यांना शेजाऱ्याने सांगितलं होतं. त्यांनी घाईघाईने पान उलटलं. पत्राच्या जागी चौकोनी भोक होतं.

"कुठंय तुमचं नाव?" गयाबाईंनी विचारलं.

"कुणीतरी कापून नेलंय."

देवदत्तचा हात फाइलकडे गेला आणि तिथंच थांबला.

"मग तोंडी सांगा. काय लिहिलं होतं एवढं?"

रामभाऊंनी देवदत्तकडे पाहिलं. जरा लाजले.

"ह्या पोरांसाठीच लिहिलं होतं. परीक्षा जवळ आलीय, वाचनालय रविवारीपण उघडं ठेवा. पोरं चांगल्या घरची आहेत. पेपरचं एक पान जरी फाटलं, तर मला विचारा."