यानाची नोकरी

२०१८च्या दिवाळीनंतर तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. पाच वर्षांच्या लेकीची, धाकलीची भीती घालवायला काकड्याने गोष्टीत घराचंच अंतराळयान केलं; घर हादरलं की यान निघालं. बढाईत तो कंजूष नव्हताच. यानाने मंगळावर दोन लढाया मारल्या, शनीला रेशन पोचवलं, धूमकेतूची धडकही खाल्ली. पण आतलं एकही माणूस दगावलं नाही, कारण मध्येच कोणी उतरलं नाही.

"मग चारोटीच्या गॅरेजात दाखवा एकदा," भिंतीची भेग बघत बायको जिजा म्हणायची.

एका सकाळी मोठा धक्का बसला. दोघं अंगणात धावले, धाकली आतच राहिली. कौलं सुटायला लागली. काकड्या जिवाच्या आकांताने तिला हाका मारू लागला.

आतून आवाज आला, "बा, आईला घेऊन लवकर आत ये! चालत्या यानातून कोणी उतरतं का?"