वज्रसेनाची उलटी पावलं

"हे उमेंद्रनं लिहिलंच नाही," हिमांशू म्हणाला. "एआयच्या मशीनकडून लिहून घेते तो. लाव पैज!"

कुडव्यात संघदीपचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत गेली चार वर्षं त्यांचा खेळ चालायचा. खेळ म्हणजे गोष्टच. संघदीप गोष्ट सांगायचा, बाकीचे तिघं त्यातली माणसं व्हायचे, आणि फासे पडतील तसं पुढं घडायचं. एकदा नाद लागला की माणसाला तहानभूक आठवत नाही असला प्रकार.

पण वेळ कुणाला होता? हिमांशूची बिरसीला विमानतळावर ड्यूटी, रंजिता दवाखान्यात नर्स, उमेंद्र दीड वर्षापासून नोकरीला रायपूरला. चौघांचा एक रविवार जुळवणं म्हणजे लग्नाची तारीख काढण्याइतकी कटकट. म्हणून संघदीपनं सगळं मोबाईलवर आणलं. एक ग्रुप, कोण कधी येणार त्याचं मतदान, फासे टाकणारं ॲप, आणि सगळ्यांना लिहिता येईल अशी एक सामाईक वही. दोन बैठकांच्या मधे जो तो आपापल्या पात्राचं त्या वहीत लिहायचा. उमेंद्र तर रायपूरला गेल्यापासून फक्त वहीतूनच खेळत होता.

आणि काय खेळत होता, बाप रे! समोर बसायचा तेव्हा गड्याला एकच शब्द यायचा, "मारतो." त्याचा सेनापती वज्रसेन दिसेल त्याला हाणायचा, बस. आता मात्र त्याचं लिहिलेलं वाचून संघदीपला धडकी भरायची, इतकं ते चांगलं असायचं.

मागच्या महिन्यात संघदीपनं वज्रसेनाची फौज दलदलीत अडकवली. पुढं गुडघाभर चिखल, मागं पावलांचे ठसे बघत येणारे राक्षस. सुटका नाहीच, असा डाव त्यानं मुद्दाम रचला होता. सकाळी वही उघडली तर उमेंद्रच्या नावानं लिहिलेलं, त्याच्या घरच्या बोलीत: "वज्रसेन सगळ्यायले सांगते, वाका अन् मागं मागं चाला. रोवणीत चालतो तसे. ठसे उलटे दिसतीन. राक्षस तिकडं जातीन, आपण इकडं."

संघदीपच्या अंगावर सर्रकन काटा आला. चार वर्षं गोष्टी रचून रचून डोकं पिकलं, पण हे त्याला सात जन्मात सुचलं नसतं. भाताच्या बांधीत मागं मागं सरकत रोपं लावायची ती रोवणी तर तो लहानपणापासून पाहत होता!

पुलावरच्या राक्षसिणीला तर वज्रसेनानं तलवारही दाखवली नाही. "काऊन वो, जेवली काय?" एवढंच विचारलं. यावर राक्षसिणीनं काय करावं? संघदीपनं बराच विचार केला आणि शेवटी तिला रडवलं. लिहिता लिहिता त्याचेही डोळे भरले.

आता अडचण अशी की संघदीपला गडचिरोलीला सरकारी नोकरी लागली होती. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. गोष्ट पुढं सांगणारं कुणी मिळालं नाही तर चार वर्षांत उभं केलेलं सगळं जग बंद पडणार होतं. त्याच्या मनात एकच नाव होतं, उमेंद्रचं.

"मशीनच्या हाती खेळ देशील तर मी नाही खेळत," हिमांशू म्हणाला.

"अरे, पण ही आपली बोली आहे."

"मशीनले आता सगळ्या बोल्या येते!"

"भांडता कायले?" रंजिता म्हणाली. "उमेंद्रले इथं बोलवा. सगळ्यायचे मोबाईल बाहेर काउंटरवर ठेवू अन् समोरासमोर खेळू. मंग कळतेच."

संघदीपनं फोन लावला. नेहमीसारखा वाजून वाजून बंद झाला आणि नेहमीसारखाच निरोप आला: "फोन नको. लिवा."

त्यानं लिहिलं, "रविवारी दुपारी तीनला दुकानात ये. मोबाईल बाहेर ठेवून खेळायचं. जमलं तर पुढची गोष्ट तू सांगायची. नाही आलास तर खेळ इथंच संपला."

तेवढ्यात त्याची आई दारातून म्हणाली, "मी नागऱ्याले जातो बापू, मावशीकडं. भात झाकून ठेवला."

"हो, जा," तो मान वर न करताच म्हणाला. पडद्यावर कुणीतरी लिहीत असल्याची खूण दिसत होती, थांबत होती, पुन्हा दिसत होती. शेवटी एकच शब्द उमटला.

"येतो."

रविवारी तीन वाजले, साडेतीन वाजले. तीन मोबाईल काउंटरवर पडून होते. चौथ्या खुर्चीवर कुणीच नव्हतं.

"मशीनले पाय कुठं राहते?" हिमांशू हसला.

संघदीपचं तोंड कडू झालं. म्हणजे ती दलदल, ती रडणारी राक्षसीण, सगळं खोटं? आपण दीड वर्ष उगाच भारावून गेलो? त्यानं टेबलावरच्या खेळाच्या नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

बाहेर काउंटरजवळ कुणीतरी येऊन उभं राहिलं. पन्नाशी उलटलेली बाई होती, हातात कापडी पिशवी, टाचांना भेगा.

"मावशी, दुकान बंद आहे आज," संघदीप म्हणाला. "दुरुस्ती होणार नाही."

"दुरुस्तीचा नाही जी." बाईनं पिशवीतून काच तडकलेला मोबाईल काढला आणि त्या तीन मोबाईलशेजारी ठेवला. "बाहेर ठेवाचा म्हणून लिवलं होतं ना? बस उशिरा आली. मी सुमित्रा, उमेंद्रची माय. त्यानं तर रायपूरले गेला तवाच खेळ सोडला. हा जुना मोबाईल घरीच टाकून गेला."

तिनं चपला काढल्या, आत आली, रिकाम्या खुर्चीवर बसली आणि पदर खोचून नकाशा स्वतःकडं ओढला.

"फौज पुलाच्या अलीकडं थांबली आहे," ती म्हणाली. "ऐका आता, पुढची गोष्ट मी सांगतो."