निघताना विचारू नये

अक्षयाने नकाराचा मेल लिहून ठेवला होता. पाठवायचा तेवढा बाकी होता. नॉर्वेतल्या विद्यापीठाने जहाजबांधणीच्या मास्टर्ससाठी तिला जागा देऊ केली होती आणि होय की नाही ते आज कळवायचं होतं. ती नाही कळवणार होती, कारण आप्पांच्या मनात नव्हतं.

तसं आप्पा कधी नाही म्हणाले नव्हते. ते काहीच म्हणाले नव्हते, हेच तर दुखणं होतं. दिवाळीपासून पोरगी लॅपटॉपला चिकटली होती. इंग्रजीची परीक्षा, सहा विद्यापीठं, सहा निबंध, रत्नागिरीच्या कॉलेजातल्या सरांच्या मागे लागून मिळवलेली शिफारसपत्रं. लहान मच्छिमारी होड्या लाटेत का कलतात आणि कशा सावरतात ते शिकायचंय, असं तिने लिहिलं होतं. सहाही निबंधांत बापाचीच होडी होती. बुरोंडीतल्या त्यांच्या घरात रेंज फक्त माळ्यावर, तर आप्पांनी स्वतः फळ्या ठोकून तिला तिथे टेबल करून दिलं. जेवलीस काय, झोपलीस काय, फॉर्म गेला काय, सगळं विचारलं. पण कुठल्या देशात, कुठल्या गावात, हे एकदाही विचारलं नाही. "आप्पा, तिकडे ना..." असं तिने सुरू केलं की ते उठायचे. कधी जाळं बघायला, कधी होडीकडे, कधी उगाचच. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी देवापुढे साखर ठेवली, आणि स्कॉटलंड घेऊ की नॉर्वे असं तिने विचारताच चपला शोधायला लागले. गावभर लोक विचारत होते. बाप तेवढा विचारत नव्हता.

एकुलती एक मुलगी. बापाला नको आहे आणि तो ते तोंडाने सांगणार नाही, असा अर्थ तिने लावला. पुण्यात नोकरी मिळत होती. पुण्याहून निदान सणावाराला एसटीने घरी येता आलं असतं.

खाली तिची आई मथुरा सुकट निवडत बसली होती. अक्षया तिच्याजवळ जाऊन बसली.

"आये, मी नाय म्हणून कळवतंय."

"का गो?"

"आप्पांना नको हाय. एवढ्या महिन्यांत एकदा तरी कुटं म्हणून विचारलं त्यांनी?"

मथुराचा हात सुपात थांबला. तिने लेकीकडे नीट बघितलं आणि मग तिला हसूच आलं.

"तू तांडेलाची पोर ना गो? निलेशची बायको विसरलीस?"

आप्पा होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान, आणि निलेश त्यांच्या होडीवरचा खलाशी. त्याची बायको घाटावरची, तेव्हा नवी नवरी. होडी सुटायच्या दिवशी तिने दारातून प्रेमाने विचारलं होतं, "कुठं निघालात?" झालं. दर्यावर निघालेल्याला कुठे म्हणून विचारायचं नसतं. विचारलं की ते निघणं फुकट. सगळे खलाशी माघारी आले, निलेशच्या ओटीवर बसले, पाणी प्याले आणि पुन्हा नव्याने निघाले. बिचारीने त्यानंतर कितीतरी दिवस कुणाला काहीच विचारलं नाही. गाव अजून हसतं.

"पयला फॉर्म भरलास, तवापासनं त्यांच्या लेखी तू निघालेली हायस," मथुरा म्हणाली. "निघालेल्या माणसाला कुटं म्हणून विचारतील काय ते? मला विचारतात रोज. तिकडं थंडी किती, मासळी कसली गावते. तुला नाय विचारीत."

होडीची रीत लॅपटॉपलाही लागू पडते, हे अक्षयाच्या इंजिनिअर डोक्यात आलंच नव्हतं. तिला रडू आलं आणि रडता रडता स्वतःचंच हसू आलं. माळ्यावर जाऊन तिने तो मेल पुसून टाकला आणि येते म्हणून कळवलं.

ऑगस्टात निघायचा दिवस उजाडला. नारळी पौर्णिमा तोंडावर होती, होड्या अजून किनाऱ्यावर होत्या. मुंबईला जायची गाडी दारात येऊन थांबली. देवाला नारळ झाला, हातावर दही झालं, मथुराच्या गळ्यात पडून रडून झालं. आप्पांच्या पाया पडली तेव्हा ते नुसते "हूं" म्हणाले आणि आत गेले. निलेशची बायकोही निरोपाला आली होती. खबरदारी म्हणून तोंडाला पदर लावून ती लांब उभी होती. अक्षया उंबरा ओलांडून अंगणात उतरली. गाडीचं दार उघडलं.

"अक्षया," मागून आप्पांचा आवाज आला. "कुटं चाललीस गो?"

निलेशच्या बायकोच्या तोंडावरचा पदर गळून पडला. मथुराने कपाळाला हात लावला. जन्म दर्यावर गेलेला तांडेल, आणि ऐन वेळी जिभेवर ताबा नाही.

अक्षया वळली. आप्पा ओटीवर बसले होते. शेजारी दुसरा पाट मांडलेला होता आणि त्याच्यापुढे पाण्याचा भरलेला तांब्या.

"आता काय, इलाज नाय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "बस. पाणी पी. सावकाश पी."