कालव्यापलीकडच्या तीन वस्त्या

रेघ कालव्याच्या काठाने न्यायची की वस्त्यांच्या मागून, एवढंच ठरायचं होतं.

मतदारसंघांच्या फेररचनेचे नकाशे तीच काढायची. बावीस वर्षांची नोकरी. तिच्या आकड्यांवर साहेब डोळे झाकून सही करत.

"काठाने नेते," ती म्हणाली. "कालवा म्हणजे सरळ हद्द. लोकसंख्याही बसते."

"बसत असेल तर न्या."

लोकसंख्या दोन्हीकडून बसत होती, हे तिने सांगितलं नाही. त्या तीन वस्त्या शेजारच्या मतदारसंघात गेल्या, की इथला खासदार आपटणार, हेही नाही. हाच माणूस महापौर असताना रस्त्यासाठी तिच्या आईबाबांचं घर पाडलं गेलं होतं. बुलडोझरसमोर बाबा छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. आई त्या जागेसाठी अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती.

हरकतींच्या सुनावणीला खासदार स्वतः आला. पार वाळलेला, हातात काठी.

"बाई, या वस्त्या माझ्या मतदारसंघातून तोडू नका. सभागृहात माझं एक काम राहिलंय."

"सगळ्यांचीच राहतात," ती फायलीतून मान वर न काढता म्हणाली.

तो आणखी काहीतरी बोलणार होता. तिने पुढच्या अर्जदाराला हाक मारली.

निवडणुकीत तो सहाशे मतांनी पडला. त्या संध्याकाळी तिने बाबांच्या फोटोची काच पदराने लख्ख पुसली.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," आई म्हणाली.

"असंच गं."

तीन महिन्यांनी ऑफिसात वकिलांचा फोन आला.

"ताई, आपली केस संपली."

"जिंकलो?"

"काल घटनादुरुस्ती मंजूर झाली. सरकारने घेतलेल्या जागेबद्दल आता कुठल्याच कोर्टात दाद मागता येणार नाही. चालू खटलेही रद्द."

"पण ती तर मागेच बारगळली होती ना?"

"दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं होतं. सरकारच्याच पक्षातला एक खासदार हटून बसला होता, काही केल्या बधला नाही. यंदा तो निवडूनच आला नाही."

"कोण?"

"तुमच्या आईंसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून कधी बोललो नाही." वकील म्हणाले. "तुमचं घर पाडणारा."