फुकटची सहल

ब्याऐंशी साली गडचिरोलीकडच्या अकरा माणसांना सरकारी गाडीतून फुकटात नागपूर दाखवायला आणलं, तेव्हापासून त्यातल्या लहानूच्या मनात पाल चुकचुकत होती. दर ठिकाणी गाईड माणसं मोजायचा आणि हा दाराजवळ सरकायचा. अंबाझरीचा तलाव झाला, महाराजबागेतला वाघ झाला, पण पठ्ठ्याने चहासुद्धा तोंडाला लावला नाही.

"काऊन भेतं बे लहानू?" म्हणत बाकीचे हसले.

दुपारून गाडी एका फाटकापाशी थांबली. "हा इथला सगळ्यात मोठा दवाखाना," गाईड कौतुकाने म्हणाला. लहानूने झटकन बंडीच्या खिशातून घड्या पडून फाटत आलेलं सर्टिफिकेट काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.


"साहेब, माही नसबंदी मागच्या फुकट सहलीतच झाली. तवा तं माहं लगनबी नोतं झालं."