लेखिकेची सही

"ताई, झेरॉक्स दहाच पानांची मिळते. पूर्ण पुस्तकाला लेखिकेची सही लागते," म्हणत ग्रंथपालांनी अर्ज पुढे सरकवला.

लेखिका माझी आई. आता स्वतःचं नावही विसरलेली. घरची प्रत वाळवीनं खाल्ली, बाजारात मिळत नाही. तिच्याच कहाण्या वाचत तिला भरवायचा माझा रोजचा नेम. दहा पानं संपली की ती "पुढे?" विचारते आणि ताट दूर सारते. तीन दिवस तिच्या पोटात धड अन्न नाही.

देवापुढे दिवा लावून मी अर्ज तिच्यासमोर धरला. "आई, इथे सही कर ना गं."

तिनं पुस्तकाचं, लेखिकेचं नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"अहो बाई, दुसऱ्या बाईच्या पुस्तकावर मी कशी सही करू? बिचारीनं कष्टानं लिहिलं असेल. तिला विचारा."