उसळी आणि बुडी

मापनयंत्राच्या पडद्यावरची रेघ वर उसळली आणि दोर्राने हातातली वही मिटली.

"चार पॉइंट एक व्होल्ट," सी मुंजी म्हणाले. "चिप सोसते तीन पॉइंट सहा."

नवजात बाळांच्या काचपेटीचा हा सर्किट बोर्ड दोर्राने आखला होता. तो नापास झाला की सगळं पहिल्यापासून. आणि गफ्साच्या इस्पितळातली बाळं तोवर त्याच जुन्या, मधेच बंद पडणाऱ्या पेट्यांत.

रमजानचा महिना. बाकीची मंडळी रोजा सोडायला केव्हाच घरी पळाली होती. तपासनीस मुंजी, ज्यांना सगळे मानाने 'सी' मुंजी म्हणत, मात्र जागचे हलले नव्हते. बोर्ड नापास करण्यात त्यांचा हातखंडा. माघारी सगळे त्यांना खाटीक म्हणत, दोर्राही म्हणायची.

"लिहून टाका नापास," ती म्हणाली. "घरी वाट बघत असतील तुमची."

"मला घाई करू नकोस. ही उसळी कुणाची, ते तर कळू दे."

"कुणाची म्हणजे? माझ्याच बोर्डाची."

"नाहीतर माझ्या वायरची."

त्यांनी मापायच्या प्रोबला लोंबणारी वीतभर काळी वायर उपटून काढली. "ही इतकी लांब असली की स्वतःच थरथरते, आणि आळ येतो बिचाऱ्या बोर्डावर. मीच आधी बघायला हवं होतं." वायरच्या जागी त्यांनी नखाएवढी स्प्रिंग बसवली. ती आता चिपच्या अगदी शेजारी हाताने दाबून धरायची होती. पण सकाळपासून सिगारेट नाही, बोटं ऐकेनात. रेघ दोनदा निसटली.

"तू धर. मी बघतो."

दोर्राने दोन्ही हातांनी टोक टेकवलं. पडद्याकडे बघायचा तिला धीर होईना. ती सी मुंजींच्या तोंडाकडे बघत राहिली, पण त्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला काही कळलं नव्हतं.

"तीन पॉइंट पाच," ते म्हणाले.

तेवढ्यात गावात इफ्तारची तोफ झाली. दोर्राचे डोळे भरून आले.

"अल्लाह तुमचं भलं करो, सी मुंजी. कसे उपकार फेडू तुमचे? मी तर तुम्हाला माघारी खाटीक म्हणते."

"माघारी कुठली? या भिंतीतून सगळं ऐकू येतं. हात हलवू नकोस."

त्यांनी खिशातून खजूर काढला, फोडून बी टाकली, अर्धा तिच्यापुढे ठेवला.

"रेघ शून्याखाली किती बुडी मारते, ते बघायचं राहिलंय."

"अहो, आधी रोजा तरी सोडा!"

"तुझे दोन्ही हात अडकलेत आणि मी खात बसू?"

उरलेला अर्धा खजूर मुठीत धरून ते पडद्याकडे वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"बुडीही मापात आहे. सोड आता, पोरी."

दोर्राने प्रोब खाली ठेवला, खजूर उचलून तोंडात घातला. मग सी मुंजींनी मूठ उघडली.